पडसाळीचे खांब

दसऱ्याच्या, बन्नीच्या पानांचं सोनं वाटायच्या सकाळी परशुराम धारवाडहून आला तो कागदांची पिशवी पोटाशी धरून, आणि त्याला तसा पाहताच त्याची थोरली चुलती फकीरव्वा दारातच थबकली. सणाला येणारं माणूस हातात खाऊचा पुडा घेऊन येतं. हा पोरगा पिशवी अशी घट्ट धरून होता, जणू वाटेत कुणी हिसकावणार होतं. बसथांब्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत मोटारसायकलवरून दोघं त्याच्या मागे मागे आले होते. बोलले काहीच नव्हते, नुसते हळूहळू येत राहिले. त्याने हे सांगितलं तेव्हा त्याची आई दुर्गव्वा भाकरी थापता थापता थांबली आणि मग पुन्हा थापायला लागली.

"कोण होते?" फकीरव्वाने विचारलं.

"वीरेशगौडाचीच माणसं, दोड्डव्वा. दुसरं कोण येतंय माझ्या मागे?"

गावचे पाटील थोरले गौडा, त्यांची म्हातारी आई गेली त्या दिवसापासून यरेकोप्पच्या गावकुसाबाहेरच्या चलवादी गल्लीत कुणी धड झोपलेलं नव्हतं. गौडांच्या घरचं लग्न असो की मयत, पुढे चलवाद्याने घंटा वाजवत चालायचं. साखळीने पितळी पळीला जोडलेली ती जड घंटा फकीरव्वाचा नवरा मैलारप्पा याच्या घरात त्याच्या पणज्यापासून होती. म्हातारीच्या मयताला मैलारप्पाचा गुडघा ऐन वेळी दगा देऊन बसला. त्याला धरून आलेल्या पुतण्याला थोरल्या गौडांचा मुलगा वीरेशगौडा म्हणाला, तू उचल. परशुराम म्हणाला, मी मातीला आलोय, घंटेला नाही. त्यावर वीरेशने जातीचं नाव घेऊन जे काढलं ते फकीरव्वाने पुन्हा कधी तोंडावर आणलं नाही. मग त्याच पळीने त्याने पोराचं डोकं फोडलं. घंटा आणि पळी आता पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून पडून होत्या, आणि घरातली खुंटी मोकळी होती.

रस्ताभर माणसं होती, पण साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्ही म्हातारीच्या पालखीकडे बघत होतो. शेवटी जबाब झाला तो एकट्या मैलारप्पाचा.

जेवणं झाली तशी परशुरामने पिशवीतले कागद काढले. मैलारप्पा भिंतीला टेकून पाय लांब करून बसला होता, गुडघ्याला एरंडाचं पान बांधलेलं. फकीरव्वाचा मुलगा हनमंत उंबऱ्यात बसून दात कोरत होता. त्याचा मालवाहू टेम्पो बाहेर उभा होता. तो गौडांच्या मिरचीची पोती ब्याडगीच्या बाजारात न्यायचा, आणि खटला झाल्यापासून ते भाडं बंद होतं.

"वीरेशगौडा हायकोर्टात गेलाय," परशुराम म्हणाला. "म्हणतोय, ही फिर्यादच रद्द करा. पोलिसांना तपास थांबवायला लावलाय. दसऱ्याची सुट्टी संपून कोर्ट उघडलं की लगेच सुनावणी."

"जाऊ दे की," हनमंत म्हणाला. "कोर्ट काय ते बघेल."

"कोर्ट कागद बघेल, अण्णा. वकीलबाईंनी समजावून सांगितलं. जातीवरून शिवी दिली तर तो कायदा लागायला ती चार लोकांदेखत दिलेली पाहिजे. घराच्या आत, चार भिंतींत दिली असली तर तो कायदा लागत नाही."

"मग? तुला तर रस्त्यात मारलं," दुर्गव्वा म्हणाली.

"मी तसंच लिहून दिलंय." परशुरामने एक पान वर काढलं, आणि चुलत्याकडे न बघता वाचलं. "'मी मैलारप्पा चलवादी. गौडांच्या घरी माझी ऊठबस पडसाळीपर्यंत आहे. त्या दिवशीही आम्हाला आत बोलावून पडसाळीत बसवलं होतं. जो काही प्रकार झाला तो पडसाळीत झाला. बाहेरचं कुणी तिथं नव्हतं.' खाली दोड्डप्पाची सही."

फकीरव्वाच्या हातात सुपारी कातरायचा अडकित्ता होता, तो तिने हळूच खाली ठेवला.

ऊठबस पडसाळीपर्यंत, म्हणजे पायऱ्या चढून आतल्या खांबांच्या सोप्यापर्यंत. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ते ऐकत होती. गौडांच्या घरून आलं की मैलारप्पा हात धुऊन, पान लावून सांगायचा, आज पडसाळीत बसवलं, म्हातारीने स्वतः वाढलं, तुपाची धार सोडून पुरणाच्या दोन होळग्या. पोरं गोळा होऊन ऐकायची. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाला ही मजल नव्हती, म्हणून गल्लीत त्याचा मान होता. पोरीचं लग्न जमलं तेव्हाही व्याह्यांनी हेच ऐकून होकार दिला होता.

"भावजी," दुर्गव्वा म्हणाली. तिचा आवाज अजून खाली होता. "तुम्ही त्याच्या शेजारी उभे होता ना? रस्त्यातल्या त्या घंटेच्या दगडापाशी? रक्ताने भरलेला तुमचा सदरा मी धुतलाय."

"पोलीस साहेबाने विचारलं, गौडांच्या घरी कुठपर्यंत जातोस," मैलारप्पा म्हणाला. "मी सांगितलं."

"बाकीचं?"

"बाकीचं त्यानं लिहिलं."

"आणि तुम्ही सही केलीत."

"गौडांचा भाऊ शेजारी उभा होता. अर्धं गाव जमलं होतं."

"म्हणजे भ्यालात."

मैलारप्पाने गुडघ्यावरचं पान घट्ट केलं. फकीरव्वाला वाटलं, भ्यालो असं म्हणून टाका, भिणं काही वाईट नाही, आपण सगळेच भीत आलोय. पण तिला ठाऊक होतं की ते एवढंच नव्हतं. साहेबाने सगळ्या गावासमोर विचारलं होतं, कुठपर्यंत जातोस. एवढ्या लोकांत, एवढ्या वर्षांनंतर, हा माणूस दुसरं काय सांगणार होता?

हनमंतने दातकोरणं फेकलं. "अप्पा म्हणतात तसंच झालं असेल. तुझं डोकं फुटलं होतं, परशा. तुला काय आठवतंय, आत का बाहेर?"

"अण्णा, तू टेम्पोच्या भाड्याचं बोलतोयस."

"हो, बोलतोय. मला दोन लेकरं आहेत. दुकानदार आम्हाला मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना. तू धारवाडला खोली घेऊन बसतोस. इथं आम्ही राहतोय."

"आणि फिर्याद रद्द झाली की?" दुर्गव्वा उभी राहिली. "वीरेश काय म्हणालाय ते तू ऐकलंस ना? एकदा कोर्टातनं सुटू दे, मग बघतो, म्हणालाय. माझ्या पोराला तो गावात पाऊल ठेवू देईल? आजच बघ, दिवसाढवळ्या मागे माणसं सोडली. एकुलता एक आहे माझा. त्याचा बाप असता तर..."

परशुराम चुलत्यासमोर येऊन उकिडवा बसला. त्याच्या कपाळावरची खूण अजून गुलाबी होती. "दोड्डप्पा, वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही येऊन खरं काय ते प्रतिज्ञेवर लिहून दिलं तर अजून उपाय आहे. नाहीतर तुमच्याच सहीवर सगळं उडतंय. मी भांडत नाही. एवढंच सांगा, पडसाळीत होतो म्हणता, तर पडसाळीला खांब किती?"

मैलारप्पाने वर पाहिलं.

"किती खांब, दोड्डप्पा?"

"चार," मैलारप्पा म्हणाला.

परशुरामने आईकडे पाहिलं, आईने फकीरव्वाकडे, फकीरव्वाने हनमंतकडे. चार खांब हे बरोबर की चूक, हे सांगणारं घरात कुणीच नव्हतं. गल्लीतही नव्हतं. त्यांच्यातलं कुणी आजवर त्या पायऱ्या चढलंच नव्हतं. परशुराम कोरडं हसला आणि कागद पुन्हा पिशवीत भरायला लागला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. गौडांचा कारभारी शेकप्पा गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या पलीकडे उभा होता. गटार ओलांडून अलीकडे तो कधी येत नसे.

"मैलारप्पा आहे का? थोरल्या गौडांनी निरोप दिलाय. संध्याकाळी बन्नी घ्यायला ये. वर, पडसाळीत बसवून द्यायची म्हणतात. सणाचा दिवस आहे, मनात काही ठेवायचं नाही." मग दारात आलेल्या परशुरामकडे बघून म्हणाला, "एकट्यानं यायचं."

तो गेल्यावर हनमंतचा चेहरा उजळला. "बघा. स्वतः बोलावतायत. बन्नी घेतली की भांडण मिटलं, गावाची रीत आहे."

"फोटो काढतील, अण्णा," परशुराम म्हणाला. "पडसाळीत बसलेल्या दोड्डप्पाचा. आणि तो कोर्टात लावतील, की बघा, आमच्या घरी हा असा बसतो."

"तुझं डोकं नेहमी वाकडंच चालतं."

"फुटलंय ना, म्हणून."

मैलारप्पा उठला. भिंतीला धरून आतल्या खोलीत गेला. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला, तशी फकीरव्वा मागोमाग गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

तो धुतलेलं धोतर काढत होता. पटकाही काढून ठेवला होता, पोरीच्या लग्नातला.

"जाणार?" तिने विचारलं.

"बोलावलंय."

"पोराचं काय?"

मैलारप्पा निऱ्या करत राहिला. "मी एकदा आत जाऊन बसलो," तो हळू म्हणाला, "की मग मी खोटं बोललो असं होत नाही."

फकीरव्वाला राग यायला हवा होता, तो येईना. त्याच्या हातातली निरी सुटली होती, ती तिने वाकून पुन्हा घातली, आणि वाकलेली असतानाच बोलली. वर बघून बोलणं तिला जमलं नसतं.

"हनमंत पाळण्यात होता. ताप त्याच्या डोक्यात गेला होता, त्या जत्रेच्या दिवशी. तुम्हाला बोलवायला मी गौडांच्या मागच्या बाजूने आले होते."

त्याचे हात थांबले.

"गोठ्यामागे होता तुम्ही. शेणाच्या उकिरड्याशेजारी पत्रावळ घेऊन. गडी उभ्यानं वरून आमटी ओतत होता, ती तुमच्या हातावर सांडली. मी हाक मारली नाही. तशीच परतले आणि शेजारणीला पाठवलं."

बाहेर दुर्गव्वा भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता.

"त्या रात्री मी घरी येऊन काय सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

"पितळी ताट. डोक्यावर पंखा. म्हातारीने स्वतः वाढलं."

"आणि तू ऐकलंस."

"ऐकलं. होळग्या किती वाढल्या, तेही विचारलं."

मैलारप्पा ट्रंकेवर बसला. त्याने तोंडावरून हात फिरवला. त्याला काय वाटत असेल ते तिला कळत होतं, आणि आपण हे बोललो याची तिला भीतीही वाटत होती. इतकी वर्षं तिने त्याची ही गोष्ट जपली होती, कारण तेवढ्यावर तो ताठ चालायचा. आता ती गोष्ट परशुरामच्या जिवावर उठली होती.

"जा, नाहीतर जाऊ नका," ती म्हणाली. "पण आत जाऊन ते खरं होणार नाही. पोराच्या डोक्यातनं रक्त कुठं सांडलं ते तुम्हाला ठाऊक आहे."

त्याने पटका बांधला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

संध्याकाळी सगळं गाव रस्त्यावर होतं. नवी लुगडी, पोरांच्या हातात बन्नीची पानं, 'बन्नी घ्या, सोन्यासारखं राहू' असं म्हणत एकमेकांच्या पाया पडणं चाललेलं. फकीरव्वा डोक्यावर पदर ओढून गौडांच्या घरासमोरच्या लिंबाखाली बायकांच्या मागे उभी राहिली. शेजारच्या बायका हळूच दोन पावलं सरकल्या. नवरा आत गेला तर पोर जाणार, आणि नाही गेला तर काय होईल याचा विचार तिच्याने करवेना.

मैलारप्पाने चपला लिंबाखाली काढल्या, नेहमी काढायचा तिथेच. मग लंगडत पुढे गेला आणि पायऱ्यांसमोरच्या रस्त्यात रोवलेल्या दगडापाशी थांबला. घंटा वाजवायला चलवादी उभा राहायचा तो तोच दगड. आज हात मोकळे होते, ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

थोरले गौडा दारात आले. हातात बन्नी होती. त्यांच्या मागे वीरेश, आणि वीरेशच्या शेजारी एक पोरगा मोबाइल उंच धरून उभा होता.

"ये मैलारप्पा, वर ये," गौडा मोठ्याने म्हणाले. "तुला काय नवीन आहे का? आत येऊन बैस."

मैलारप्पाने पाय उचलून पहिल्या पायरीवर ठेवला. फकीरव्वाने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पाय पुन्हा खाली दगडापाशी होता.

"गौडरे, एक विचारू?"

"अरे, आत बसून विचार."

"पडसाळीला खांब किती?"

गौडांना ते नीट उमगलं नाही. "काय?"

"सहा," दाराआडून गौडांची नात म्हणाली आणि हसली. तिला ते कोडं वाटलं असावं.

"सहा," मैलारप्पा म्हणाला. मग तो वळला, गावाकडे तोंड करून. घंटा वाजवताना त्याला आवाज चढवायची सवय होती, तो आवाज आता सगळ्या रस्त्याला ऐकू गेला. "मी सकाळी घरच्यांना चार सांगितले. मला ठाऊकच नव्हतं. मी कधी आत गेलोच नाही. माझा बाप गेला नाही, आजा गेला नाही. आम्हाला जेवण मिळायचं ते गोठ्यामागे. आमची जागा ही, हा दगड. त्या दिवशीही मी इथंच होतो आणि माझा पोरगा इथंच होता. वीरेशगौडा जे बोलला ते इथं, आणि मारलं तेही इथंच. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

मोबाइलवाला पोरगा मोबाइल धरायचा की खाली करायचा हे न कळून तसाच उभा होता. वीरेश दोन पायऱ्या उतरला, तेव्हा थोरल्या गौडांनी त्याचा दंड पकडला आणि दातांतल्या दातांत काहीतरी म्हणाले. गावासमोर नको, एवढं फकीरव्वाला ऐकू आलं. नंतरचं काय असेल, ते वीरेशच्या डोळ्यांत दिसत होतं.

"द्यायची असेल तर बन्नी इथंच द्या, गौडरे," मैलारप्पा म्हणाला.

गौडा आत वळले. दार लागलं.

परतताना तो पुढे आणि ती मागे. चपला लिंबाखालीच राहिल्या, आणि आणायला मागे जायची छाती कुणाला झाली नाही. मागून मोटारसायकलचा आवाज आला की फकीरव्वा भिंतीशी अंग चोरायची.

बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली होती. हनमंत टेम्पोपाशी उभा होता.

"काय करून बसलात, अप्पा? आता ते येतील."

"येतील," मैलारप्पा म्हणाला.

हनमंतने बापाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग टेम्पोत चढला, तो गल्लीच्या तोंडाशी आडवा लावला, आणि मोठा पाना मांडीवर घेऊन आत बसून राहिला. परशुराम जाऊन त्याच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने फकीरव्वाने पाहिलं तर दोघं एकाच डब्यातलं चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होते.

मैलारप्पा नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसला. दुर्गव्वा बन्नीची पानं घेऊन त्याच्यासमोर आली. सकाळच्या त्या बोलाचालीनंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिचे डोळे सुजले होते.

"उद्या धारवाडला जाऊ," तो तिला म्हणाला. "वकीलबाई सांगतील तसं लिहून देतो."

"बन्नी घ्या, भावजी. सोन्यासारखं राहू."

त्याने खांद्यावरची शाल काढली, शालीची टोकं दोन्ही हातांत धरली, मान खाली घातली आणि झोळी पुढे केली. गौडांच्या दगडापाशी दरवर्षी बन्नी वरून, हाताला हात न लागता, शालीतच पडायची. दुर्गव्वाचा हात तसाच राहिला. काय करावं ते तिला कळेना.

फकीरव्वाने पुढे होऊन त्याच्या हातातून शाल काढून घेतली. त्याची बोटं एकेक करून उलगडली, तळवा वर केला, आणि दुर्गव्वाचा हात धरून पानं त्या तळव्यावर ठेवली.

"अशी घ्यायची," ती म्हणाली, आणि उठून तिने दाराला अडसर घातला.